उकळी सरांचं बोट

सामना कुठलाही असो, दोन माणसं समोरासमोर आली की उकळी सरांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट हळूहळू वर यायला लागायचं. आधी ते गुडघ्यावर निवांत पडलेलं असे. मग हाताच्या घडीतून बाहेर डोकावे. आणि कधीतरी एकदम सरळ उभं राही, वर्गात पोरगं पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारतं तसं. बोट उभं राहिलं की समजायचं, डाव फिरला. बघणाऱ्यांना ते अजून कळलेलं नसे, खेळणाऱ्या दोघांनाही बहुतेकदा नसे. पण थोड्याच वेळात छाती काढून बसलेल्याचा चेहरा उतरायला लागे आणि लोक सरांकडे वळून बघत. सर तोवर बोट खाली घेऊन चष्मा पुसत बसलेले असत.

त्यांचं खरं नाव कॉलेजच्या पाटीवर होतं, आणि फक्त पाटीवरच होतं. सगळ्या बारामतीत ते उकळी सर. भौतिकशास्त्र शिकवायचे. नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला ते शेगडी पेटवून त्यावर पाण्याचं पातेलं ठेवत आणि सांगत, "बघत बसा." पोरं बघत बसत. बराच वेळ काहीच होत नसे. मागच्या बाकावर जांभया सुरू होत, आणि तेवढ्यात पाणी खदखदायला लागे. मग सर विचारत, "कुठल्या थेंबानं उकळी आणली, सांगा." कुणी म्हणे तळाचा, कुणी म्हणे कडेचा. सर मान हलवत. "एकट्या थेंबाला उकळी येत नाही बाळांनो. उकळी सगळ्यांची मिळून असते. आम्ही शिकवतो ते गर्दीचं शास्त्र." तो तास मीही केला आहे. तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाला शिकवायचा कंटाळा आलेला दिसतोय.

गर्दीचं शास्त्र त्यांनी खेळाला लावलं, हीच त्यांची आयुष्यभराची खटपट. बुद्धिबळाच्या पटावरचा प्रत्येक मोहरा म्हणजे त्यांच्या लेखी एक बारकं लोहचुंबक. हा त्याला खेचतो, तो याला ढकलतो, कुणी कुणाला धरून आहे, कुणी कुणाच्या मानेवर बसलाय. या सगळ्या ओढाताणीतून पटावर ताण साठत जातो. पाणी तापतं तसा. आणि मग एक साधी चाल होते, आणि इतका वेळ बरोबरीत चाललेला डाव एकीकडे कोसळतो. हजारो डाव संगणकात घालून सर हा ताण मोजायचे. डाव कधी कोसळतो, कशानं कोसळतो, ते बघायचे. एम.एस्सी. झाल्यावर मी त्यांच्या हाताखाली याच कामाला लागले. माझं डोकं तापट, शब्दाला शब्द देण्याची जन्मजात खोड. सरांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'फोडणी' ठेवलं. कुणी भेटायला आलं की ओळख करून देत, "ही आमची फोडणी. जरा लांबून बोला."

एका जत्रेत कुस्त्यांच्या फडाला आम्ही दोघं गेलो होतो. वरचा पैलवान खालच्याला असा दाबून बसला होता की लोक फेटे उडवायच्या तयारीत. सरांचं बोट उभं राहिलं. शेजारचे एक तात्या म्हणाले, "मास्तर, आता कशाला बोट वर करताय? कुस्ती झाली की." त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत वरचा खाली आला. तात्या सरांपासून हातभर लांब सरकून बसले. पुढं ही बातमी गावोगाव गेली, आणि क्रिकेटवर पैसे लावणारे दोघंजण सरांच्या काटेवाडीच्या घरी हजर झाले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, पाहुणे समजून त्यांना कांदेपोहे दिले. सरांनी त्यांना पोहे संपवू दिले आणि मग म्हणाले, "हजार सामने आणा, हजारांचं सांगतो. उद्याच्या एकाचं विचारायचं असेल तर गावात ज्योतिषी आहे." ते गेल्यावर मी म्हटलं, "पण सर, कुस्तीत तुम्ही एकाचंच सांगितलंत की." सर म्हणाले, "ते बोटाचं काम. बोट चुकतंही. चुकलेलं लोक विसरतात, म्हणून माझं चाललंय. शास्त्राच्या नावावर मी बोट वर करणार नाही."

आणि मग लगेच ते त्यांचं ठरलेलं वाक्य. "एका रेणूला तापमान नसतं, फोडणे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की कान किटले होते. तापमान असतं ते कोट्यवधी रेणूंच्या मेळ्याला, एकट्याला विचारून उपयोग नाही, एवढाच त्याचा अर्थ. निरुपद्रवी वाक्य. हेच वाक्य पुढं माझ्या धाकट्या बहिणीच्या जिवावर उठेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मंजू माझ्याहून बरीच लहान. आम्ही इंदापूर तालुक्यातले, वरकुट्याचे. आज आमच्याकडे डाळिंब आहे, थोडा ऊस आहे, पण आमच्या आबांचं, म्हणजे आजोबांचं, अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. मंजू लहानपणी आबांना चिकटलेली असायची. त्यांनी तिला देवळापुढच्या दगडावर कोरलेल्या पटावर वाघबकरी शिकवली. दोन-चार वाघ, पुष्कळ बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला मारता येत नाही, तिनं फक्त अडवायचं, कोंडायचं, वाघाला हलायला जागा ठेवायची नाही. शाळेत तिच्या हातात बुद्धिबळ आलं तेव्हा ती तेसुद्धा तसंच खेळायला लागली. कुणाला मारायची घाई नाही. सगळे मोहरे एकमेकांत गुंतवत जायचं, समोरच्याचा श्वास कोंडेपर्यंत. तिचे डाव संगणकात घातले की ताणाची रेघ वर वर चढत जायची आणि खाली यायचं नावच घ्यायची नाही. सर त्या रेघेकडं बघून खूश होत. "ही पोरगी झाकण उघडतच नाही," म्हणत.

इंदापुरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये जिल्ह्याची निवड स्पर्धा होती. जिंकणारे राज्याला जाणार. शेवटच्या फेरीत मंजूसमोर पुण्याहून आलेला, नाव असलेला मुलगा होता. आर्यन त्याचं नाव. मंजूनं त्याला असा कोंडला की त्याला धड चालच उरली नाही. मंजू जिंकली, आणि टाळ्या वाजायच्या आत त्याचे वडील उठून उभे राहिले. "ही मुलगी दर चालीनंतर उठून दारात जात होती," ते म्हणाले. "दाराबाहेर कोण उभं होतं, ते बघा."

दाराबाहेर मी उभी होते. हातात फोन, गळ्यात सरांच्या प्रयोगशाळेचं ओळखपत्र. आत फक्त आई-वडिलांना बसू देत होते, बहिणीला नाही, म्हणून सकाळपासून तिथं ताटकळत होते. पंचांनी माझ्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं, ओळखपत्रावरचं कॉलेजचं नाव वाचलं. बुद्धिबळाच्या डावांवर संगणक चालवणारी बहीण, आणि दर चालीला दारात येणारी खेळाडू. निकाल रोखून धरला. स्पर्धाप्रमुखांनी मंजूला जवळ बोलावून विचारलं, "बाळ, तू उठून दारात का जात होतीस?" मंजू म्हणाली, "मला माहीत न्हाय. मी कायमच उठते." खरं तेच सांगितलं पोरीनं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते खोटं वाटलं.

आरोप सिद्ध झाला तर खेळायला बंदी येणार होती, पण मला त्याची भीती कमीच होती. भीती गावाची होती. दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेलेल्या आईला डेअरीवर विचारलं, "पोरगी म्हणं मशीन लावून खेळली?" आई तशीच माघारी आली. मंजू घराबाहेर पडेना. जेवायला बसली की ताटातला घास नुसता फिरवत बसे. तिच्या वयात चिकटलेलं 'लबाड' हे नाव पुढं लग्नातसुद्धा निघालं असतं. आमच्याकडं लोक आजोबांची नावं विसरतात, पण असल्या गोष्टी विसरत नाहीत.

स्पर्धाप्रमुखांनी शेवटी तोडगा काढला. उकळी सर आपल्या विद्यार्थिनीसाठीसुद्धा शब्द वाकवणार नाहीत, एवढा त्यांचा लौकिक जिल्हाभर होता. तेव्हा सरांनीच आपल्या पद्धतीनं हा डाव तपासावा आणि मुलीनं स्वतः खेळला की यंत्रानं, ते सांगावं. रविवारी समितीपुढं यावं. आर्यनच्या वडिलांनीही मान्य केलं. माझा जीव भांड्यात पडला. सर म्हणजे घरचेच. मी धावत प्रयोगशाळेत गेले आणि कामाला बसले.

दोन आलेख निघाले. एकात मंजूचे आजवरचे सगळे डाव आणि त्यांच्यावर हा डाव. तीच चढती रेघ, तोच न सुटणारा ताण. यंत्र असं खेळत नाही, यंत्र संधी मिळाली की मारामारी उरकून घेतं. दुसऱ्या आलेखात या डावातली तिची एकेक चाल यंत्राच्या चालीशी ताडून बघितली होती. निम्म्याहून कितीतरी जास्त चाली जुळत होत्या. कोंडलेल्या डावात शहाण्या चाली थोड्याच उरतात, म्हणून जुळत होत्या, पण हे समितीला कोण समजावणार.

सरांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, "एक सोडवतोय, एक लटकवतोय. दोन्ही एकाच डावाचे. यातला कुठला नेऊ?"

"सोडवणारा न्या," मी म्हटलं. "ते खरंच आहे ना सर? तुम्हाला माहीत आहे ना मंजूनं काही केलेलं नाही?"

"मला माहीत आहे. माझ्या शास्त्राला माहीत नाही."

"म्हणजे?"

"फोडणे, एका रेणूला तापमान..."

"घाला चुलीत तुमचा रेणू," मी ओरडले. "हितं माझी बहीण मरतीय."

सर शांतच होते. त्या शांतपणानं माझ्या अंगाचा आणखी तिळपापड झाला. ते म्हणाले, "आज मी एका डावावरून मंजूला निर्दोष ठरवलं, तर माझी पद्धत एका डावावरून निवाडा करते हे सिद्ध झालं. उद्या सांगलीत, नगरला, कुणाच्या तरी पोरीचा एक डाव असाच जुळेल. तिथं दुसरा आलेख घेऊन जाणारा कुणीतरी असेल, आणि त्याच्या हातात माझी सही असेल. त्या पोरीची मोठी बहीण कुणाच्या टेबलावर ओरडेल?"

मला त्या दुसऱ्या पोरीशी काही देणंघेणं नव्हतं. मी प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांच्यापुढं आपटल्या. जाताना म्हटलं, "तुम्हाला गर्दीच आवडते सर. माणूस दिसत नाही तुम्हाला." वरकुट्याची वाट धरली, आणि एस.टी.त खिडकीकडं तोंड करून रडले. आजही मला माझा राग चुकीचा वाटत नाही. राग यावा असंच ते होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांची स्कूटर आमच्या दारात. हेल्मेटवर धूळ, पायांत चपला. मी घरात गेले ती बाहेर आलेच नाही. सरांनी माझी चौकशीसुद्धा केली नाही. ओट्यावर आबांशेजारी बसले, आईनं दिलेला चहा निवत ठेवला आणि म्हणाले, "आबा, मंजूला तुमी खेळ कसा शिकवला ते बघायला आलोय. एक डाव होऊ द्या."

आबा खूश झाले. "मास्तर, वाघ घ्या."

"मी मोरगावचा, कोरडवाहू माणूस. आमच्याकडं शेळ्याच. मला बकऱ्या द्या."

देवळापुढच्या दगडावर डाव मांडला. मी भिंतीआडून बघत होते, मंजू माझ्यामागं. आबांनी वाघ सरकवला, गुडघ्यावर हात देत उठले, बांधापर्यंत गेले, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि परत येऊन बसले. सरांनी बकरी ठेवली. आबांनी वाघ हलवला, उठले, बांधावर गेले, दोन्हीकडं बघितलं, आले. बांधापलीकडं डाळिंबाची झाडं होती, दुसरं काही नव्हतं. सरांची पुढची बकरी हातातच राहिली.

"आबा, तुमी काय बघून येता?"

आबांना प्रश्नच कळला नाही. "कुठं काय?"

"दर चालीला उठता. बांधावर जाता."

आबा विचारात पडले. मग स्वतःशीच हसले. "आता व्हय, मेंढरं कुठं ऱ्हायलीत. पण आमी खेळायचो ती रानात, मेंढरं चरत असायची. चाल केली की उठून बघायचं, सगळी हायत का. लांडगा म्हण, कुणाच्या पिकात शिरली म्हण. बसून ऱ्हायला त्यो मेंढरावाला कसला? माझ्या बापानं मला उठवलं, मी पोरीला उठवलं. खेळ म्हंजी असाच असतो, असं वाटायचं बघा." थोडं थांबून म्हणाले, "आता मेंढरं न्हाईत, पर पाय ऐकत न्हाईत."

माझ्यामागं मंजूनं तोंडावर हात दाबून घेतला. मी तिच्याकडं बघितलं. लहानपणापासून तिला दर चालीला उठताना बघत होते, मीही आबांशी खेळताना तशीच उठायचे, आणि आम्हा दोघींना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. घरातली गोष्ट घरच्यांना दिसत नाही. सर भिंतीकडं न बघताच मोठ्यानं म्हणाले, "फोडणे, रविवारी इंदापूरला ये. आणि तो ओळखपत्राचा पट्टा घरी ठेव."

रविवारी समितीपुढं सर उभे राहिले आणि पहिल्या वाक्यातच त्यांनी सगळ्यांना तोंडघशी पाडलं. "माझ्या पद्धतीनं हा डाव मुलीचा की यंत्राचा ते सांगता येत नाही. कुणी सांगतो म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका." आर्यनचे वडील समाधानानं मागं रेलले. मग सरांनी मेंढरांचं सांगितलं. कुणी हसलं. एकजण म्हणाला, "सर, गोष्ट छान आहे. पुरावा काय?" स्पर्धाप्रमुख म्हणाले, "दोघांना परत खेळवू. मुलीनं जागेवरून उठायचं नाही. जिंकली तर खरी."

"नाही," सर म्हणाले. "तिला उठू द्या. उठणं बांधून ठेवलंत तर ती ती राहणार नाही, मग तुम्ही तपासणार कुणाला? फोन बाहेर ठेवा, हॉलभोवती कुणाला उभं राहू देऊ नका, ती उठेल तेव्हा एक बाई पंच तिच्याबरोबर चालू द्या. आणि निकाल बघू नका. ती हरेल, जिंकेल, त्याला काही अर्थ नाही. ती कुठं जाते आणि परत येऊन कशी खेळते, तेवढं बघा."

नियमात बसणारी गोष्ट नव्हती, पण रोखलेला निकाल किती दिवस रोखणार? समितीनं मान्य केलं. शाळेच्या हॉलमध्ये एकच टेबल मांडलं, मंजू आणि आर्यन समोरासमोर बसले. मी, सर, आर्यनचे वडील, समितीचे लोक, सगळे भिंतीला खुर्च्या लावून. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची घरघर, आत घड्याळाची टिकटिक. मंजूनं पहिली चाल केली आणि खाली मान घालून बसून राहिली. पोरगी घाबरली होती, उठायलाच घाबरली होती. दुसरी चाल. तिसरी. बसलेलीच. मी सरांकडं बघितलं. सरांनी खुर्चीतून उठून आळस दिला, खिडकीपाशी गेले, बाहेर डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि परत येऊन बसले. पुढच्या चालीनंतर मंजू उठली.

पंचबाई तिच्यामागं. मंजू दारापर्यंत गेली, मोकळ्या मैदानावर दोन्हीकडं नजर टाकली, माघारी आली. मग दर चालीला तसंच. हळूहळू तिची मान वर आली, खांदे सैल पडले, आणि पट तिचा पट व्हायला लागला. मारामारी नाही, नुसती कोंडी. प्यादी एकमेकांना भिडलेली, घोडे अडकलेले, दोन्ही वजीर आपापल्या जागी तुंबलेले. आर्यनचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याचे वडील खुर्चीच्या टोकावर आले होते. मंजूनं उंट सरकवला, उठली, दाराकडं निघाली. आणि माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात सरांचं बोट उभं राहिलं.

पटावर मंजूचं पारडं जड दिसत होतं, आणि बोट वर आलं होतं म्हणजे ते फिरलं होतं. ती अजून दारात होती. पाठमोरी. मैदानात डावीकडं बघत होती, उजवीकडं बघत होती, तिला काही माहीत नव्हतं. आर्यन बराच वेळ पटाकडं बघत राहिला, मग त्यानं आपला हत्ती उचलला आणि तिच्या प्याद्यांच्या मधोमध मरायला ठेवला. मंजू परत आली, बसली, बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिलाही कळलं. त्यानंतर सगळी कुंपणं पडली. थोड्या चालींनी तिनं आपला राजा आडवा केला आणि हात पुढं केला.

आर्यनच्या वडिलांनी तोंड उघडलं, "बघितलंत..." एवढंच म्हणाले असतील. पोरगा मध्येच बोलला. मंजूचा हात अजून त्याच्या हातात होता. "पप्पा, हीच होती," तो म्हणाला. "त्या दिवशीपण हीच होती. मला तेव्हापण असंच गुदमरलं होतं. असं दुसरं कुणी खेळत नाही." पंचबाई म्हणाल्या, "ती दारात जाते, दोन्हीकडं बघते, परत येते. एवढंच करते. कुणी नव्हतं तिथं." स्पर्धाप्रमुखांनी चष्मा काढला, समितीकडं बघितलं, आणि आधीचा निकाल कायम केला. आरोप काढून घेतल्याचं त्यांनी गावातल्या लोकांसमोर मोठ्यानं सांगावं, हे मी भांडून कबूल करून घेतलं. माझं फोडणी हे नाव फुकट नव्हतं.

मैदानात मंजू रडत रडत सरांच्या पाया पडली. "सर, हरले मी."

"हरलीस," सर म्हणाले. "पण तूच हरलीस ना? दुसरं कुणी नाही हरलं. मग झालं." मग माझ्याकडं वळले, खिशातून किल्ल्या काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. काटेवाडीला काकूंनी त्या दिवशी शेवग्याची आमटी केली होती, ती आम्ही तिघं जेवलो.

त्यानंतर काही वर्षांनी सरांच्या पोटात गाठ निघाली. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर हळू आवाजात टक्के सांगत होते, अशा आजारात इतके लोक इतके दिवस, असं काहीतरी. सर पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "डॉक्टर, टक्के गर्दीचे असतात. मी एकटा आहे." डॉक्टर हसले. मी हसले नाही. ज्या वाक्यावर मी एकदा किल्ल्या आपटल्या होत्या, त्याच वाक्याला आता दोन्ही हातांनी धरून बसले होते. एका रेणूला तापमान नसतं. गर्दीचं काय व्हायचं ते होऊ दे, माझे सर त्यात नसतील. असलं काहीबाही मनाशी म्हणत मी रोज कॉलेज सुटलं की दवाखान्यात जायचे.

मंजू तेव्हा पुण्यात शिकत होती, सुट्टीला यायची ती थेट सरांकडं. तिनं एका पुठ्ठ्यावर वाघबकरीचा पट काढला होता. बकऱ्या म्हणून हरभऱ्याचे दाणे, वाघ म्हणून शर्टाची बटणं. सर अर्थातच बकऱ्या घ्यायचे. त्यांना उठवत नव्हतं. म्हणून प्रत्येक चालीनंतर, स्वतःच्या आणि त्यांच्याही, मंजूच उठायची, खोलीच्या दारापर्यंत जायची, कॉरिडॉरमध्ये डावीकडं बघायची, उजवीकडं बघायची, परत येऊन बसायची. सर दर वेळी विचारायचे, "हायत का?" आणि मंजू सांगायची, "हायत." नर्सला वाटायचं या पोरीला कुणाची वाट बघायची सवय आहे.

त्या दुपारी डाव अर्ध्यावर होता. सरांचा हात चादरीवर होता. पहिलं बोट हळूहळू सुटं झालं आणि वर आलं. मंजूनं पटाकडं बघितलं. मीही वाकून बघितलं. डाव तर आत्ताच कुठं सुरू झाला होता, फिरण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"पटावर न्हाय गं," सर म्हणाले.

मला कळलं. काकू खिडकीशी होत्या, त्यांनाही कळलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. मला म्हणायचं होतं, सर, बोट चुकतंही, तुम्हीच सांगितलंय. पण इतक्या वर्षांत ते चुकलेलं मी फार थोडं बघितलं होतं, आणि सरांशी खोटं बोलायची सवय नव्हती. ते बोट तसंच वर.

मंजू उठली. दारापर्यंत गेली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबली, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग येऊन स्टुलावर बसली, डोळे पुसले नाहीत, आवाज हलू दिला नाही.

"सर, सगळी हायत," ती म्हणाली. "तुमची चाल."

सरांनी बोट खाली घेतलं, आणि हरभऱ्याचा एक दाणा पुढं सरकवला.